"मी जाऊ की तुला जमेल?" – "हो." (नवरा-बायकोचे अर्धवट मेसेज)

निळी_शाई

चिडून लिहितेय, त्यामुळे विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या.

काल मला उशीर होणार हे दुपारी चारलाच कळलं होतं. लेकीचा क्लास सहाला सुटतो. म्हणून नवऱ्याला वेळेत मेसेज टाकला, "आज ऑफिसात गोंधळ आहे. लेकीला सहाला आणायला मी जाऊ की तुला जमेल? मला निघायलाच सात होतील." दोन मिनिटांत उत्तर आलं: "हो".

आता 'की' वाल्या प्रश्नाला 'हो' हे उत्तर कोणत्या शाळेत शिकवतात? पण मी विचार केला, मला सात होतील असं लिहिलंय, म्हणजे हो याचा अर्थ 'हो, मला जमेल'. दुसरं काय असणार? निर्धास्त झाले. पावणेसातला क्लासमधून फोन, "तुमच्याकडून कुणी येतंय ना?" पोरगी पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसलेली. आणि हे महाशय घरी.

"अरे, तू हो म्हणालास ना?"
"हो म्हणालो ना!"
"कशाला हो?"
"तूच तर विचारलंस!"

यापुढचं इथे लिहिण्यासारखं नाही.

हे एकदाचं नाही हो. "ते झालं का?" (कुठलं ते?) "तिकडे ठेवलंय." (कुठे तिकडे?) "बघू." "ठीक." आणि सगळ्यांचा बाप म्हणजे तो अंगठा. मी तीन प्रश्न विचारले की एक अंगठा येतो. तुमच्याकडेही असंच आहे की माझंच नशीब थोर?

शेवटचा_बाक

+१. आमच्याकडचा खास शब्द 'निघालो'. बारा वर्षांच्या अभ्यासानंतरचा निष्कर्ष: 'निघालो' म्हणजे निघायला हवं असं मनात आलं. 'निघतोय' म्हणजे कुणीतरी दारात गप्पांना धरलंय. 'निघालोच' म्हणजे अजून अर्धा तास नक्की. खरोखर निघालेला माणूस मेसेज करतच नाही, तो गाडी चालवत असतो.

वाचनमात्र

नेहमी नुसती वाचते, पण आज राहवलं नाही. दोष निम्मा आपल्या भाषेचाही आहे. आपण घरातून जाताना काय म्हणतो? 'येतो'. 'जातो' म्हणणं कसंसंच वाटतं. समोरासमोर अडचण नसते, माणूस बूट घालताना दिसत असतो. मेसेजमध्ये बूट दिसत नाहीत.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी ह्यांचा दुपारी मेसेज आला, "मी येतो गं". मी खूश. लवकर येतायत म्हणून आवराआवर केली, साडी बदलली. रात्री नऊ वाजले तरी पत्ता नाही, फोन बंद. साडेदहाला फोन लागला तेव्हा स्वारी दुसऱ्या शहरात. ऑफिसातून परस्पर दोन दिवसांच्या दौऱ्यावर निघताना निरोप घेतला होता तो! 'आलो' चंही तसंच. "आलो" म्हणत माणूस खोलीतून बाहेर जातो.

शेवटचा_बाक

साडी बदलली वाचून हसावं की रडावं कळेना.

खटपट_राव

सगळ्या जणी मिळून नवऱ्यांना धुताय म्हणून दुसरी बाजू मांडतो. हलके घ्या.

माझ्या फोनमधले गेल्या आठवड्यातले सौंचे मेसेज जसेच्या तसे:
"नेहमीचं आण."
"मागच्या वेळसारखं नको."
"तिचा फोन आला होता."
"तू सांगितलंस का त्यांना?"
"जाऊ दे."

या पाचांत कामाचं एकही नाम नाही. 'ती' कोण? माझी आई, तिची आई, तिची मैत्रीण आणि घरमालकीण, चौघीही 'ती' होऊ शकतात. 'ते' म्हणजे माझे बाबा की बँकवाले? आणि 'जाऊ दे' आलं की माझी झोप उडते, कारण त्यात जाऊ देण्यासारखं काहीच नसतं.

नाम वापरायला पैसे पडत नाहीत, एवढंच म्हणणं आहे.

निळी_शाई

खटपट राव, मुद्दा मान्य. पण "मागच्या वेळसारखं नको" हे तुम्हाला कळायला नको? मागच्या वेळी काय झालं होतं ते तुम्हालाच तर माहीत आहे!

खटपट_राव

बघा. हेच ती पण म्हणते.

आडनाव_नको

दोन शब्दांत उपाय: फोन करा. धागा बंद.

निळी_शाई

मीटिंगमध्ये बसून? आणि आमच्याकडे फोन केला की "काय झालं?" अशी घाबरीघुबरी सुरुवात असते, कारण आता फोन फक्त वाईट बातमीलाच येतात.

घड्याळजी

थोडं अवांतर, पण शेवटी विषयावर येतो.

जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये गेला. नील पॅपवर्थ या तरुण इंजिनिअरने संगणकावरून 'मेरी ख्रिसमस' असं लिहून रिचर्ड जार्व्हिस यांच्या फोनवर पाठवला. जार्व्हिस यांच्या फोनवरून उत्तर टाइप करून पाठवायची सोयच नव्हती. म्हणजे मेसेज पाहून उत्तर न देण्याची परंपरा अगदी पहिल्या दिवसापासूनची आहे.

एका एसएमएसला १४० बाइटांची जागा असते. सात बिटांची रोमन अक्षरं त्यात १६० बसतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला दोन बाइट लागतात, म्हणून मर्यादा थेट ७०, आणि काना, मात्रा, वेलांटी वेगवेगळी मोजली जातात. मराठीत नीट वाक्य लिहिलं की एका निरोपाचे दोन व्हायचे आणि दोन्हींचे पैसे पडायचे. (खटपट राव, तेव्हा नामाला खरंच पैसे पडत होते.) आमच्या पिढीची बोटं त्या काटकसरीत तयार झाली. मर्यादा गेली, खोड राहिली.

पण अक्षरं कमी हे निम्मंच कारण. १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने पीएचडीसाठी एक प्रयोग केला. एकाने सर्वांच्या ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात शब्द, चाल, वाद्यं सगळं चालू असतं. ऐकणाऱ्याला फक्त टक टक टक. निळी_शाई, तुमच्या यजमानांच्या डोक्यात अख्खं गाणं होतं. तुम्हाला आलं ते 'हो' म्हणजे एक टक.

वाचनमात्र

पण तो प्रयोग परक्या माणसांवरचा ना? नवरा-बायकोला एकमेकांचं जास्त कळायला हवं.

घड्याळजी

ते तर फारच मजेशीर आहे. २०११ मध्ये केनेथ सॅव्हित्स्की, बोअझ कायसार, निकोलस एप्ली वगैरेंचा एक शोधनिबंध आला. २४ विवाहित जोडप्यांना एकमेकांकडे पाठ करून खुर्च्यांवर बसवलं आणि रोजच्या बोलण्यातली दुअर्थी वाक्यं बोलायला लावली. ऐकणाऱ्याने बोलणाऱ्याच्या मनातला अर्थ ओळखायचा. कधी वक्ता आपला जोडीदार, कधी अनोळखी. जोडीदाराचं बोलणं अनोळखी माणसाच्या बोलण्यापेक्षा जास्त ओळखता आलं नाही. फरक फक्त एकच पडला: आपलं म्हणणं जोडीदाराला नक्की कळलं असणार, ही बोलणाऱ्याची खात्री जास्त होती.

परक्याशी बोलताना आपण त्याला काही माहीत नाही असं धरून नीट सांगतो. घरच्याशी बोलताना ती मेहनत वाचवतो. माझेच मेसेज पाहा. कुरिअरवाल्याला मी लिहितो, "दुसरा मजला, जिन्याच्या उजवीकडचं दार, बेल बंद आहे, दार वाजवा." बायकोला लिहितो, "दार."

शेवटचा_बाक

"दार." म्हणजे काय पण?

घड्याळजी

उघड. मी बाहेर उभा होतो. तिने वाचलं 'बंद कर', आणि आतून कडी घातली.

मुक्ता_छंद

रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्यांवर कुणी बोलणार आहे की नाही? 'गाडी' आणि 'गादी' रोमनमध्ये एकच. नवऱ्याने सकाळी मेसेज केला, "गाडी बाहेर काढून ठेव, मी आलो की लगेच जाऊ". मी वाचलं 'गादी'. आदल्या दिवशीच गादीला ऊन दाखवायचं बोलणं झालेलं. 'लगेच जाऊ' पाशी थोडी अडखळले, पण म्हटलं गादी पिंजायला टाकायची असेल. डबल गादी, एकटीने, जिन्यावरून खाली. घामाघूम. तो आला, गादीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "हॉस्पिटलात गादी कशाला? त्यांच्याकडे असते."

त्याच्या काकांना बघायला जायचं होतं.

शेवटचा_बाक

धागा सार्थकी लागला.

खटपट_राव

ऑफिसात वाचतोय. शेजारचा विचारतोय काय झालं. "गादी" एवढंच सांगू शकलो.

टिंब_टिंब

विरामचिन्हांवर माझा दावा आहे, नावच तसं आहे.

आपल्याकडे प्रश्न सुरावर चालतो. "औषध घेतलं" हे विचारलंय की सांगितलंय? बोलताना शेवटचा सूर वर गेला की प्रश्न. लिहिताना तो सूर म्हणजे प्रश्नचिन्ह, आणि ते कुणी टाकत नाही. माझी बायको आजारी असताना मी लिहिलं "गोळी घेतली". तिला वाटलं मी दुकानातून गोळी घेतली. ती संध्याकाळपर्यंत माझी वाट बघत बसली, मी इथे समाधानात की बाईंनी वेळेवर गोळी घेतलेली दिसते, तक्रार नाही.

दुसरं, पूर्णविराम. 'बरं' आणि 'बरं.' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझा भ्रम असेल असं वाटायचं, पण २०१५ मध्ये अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात सेलिया क्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२६ विद्यार्थ्यांवर हेच तपासलं. एका शब्दाच्या मेसेजपुढे पूर्णविराम असला की तो कमी मनापासूनचा वाटला. तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत असलं तर पूर्णविरामाने काही फरक पडला नाही. म्हणजे चिन्ह तेच, पण फोनवर त्याला तोंड फुटतं.

तीन टिंबांबद्दल मी काही बोलणार नाही...

आडनाव_नको

माझी बायको शिक्षिका आहे. सगळीकडे पूर्णविराम. पहिली दोन वर्षं मला वाटायचं ही कायम रागावलेली असते.

घड्याळजी

टोमण्यांबद्दल राहिलं. जस्टिन क्रुगर आणि एप्ली यांच्या २००५ मधल्या अभ्यासात लोकांनी काही वाक्यं खरीखुरी आणि काही उपरोधाने पाठवली. ७८ टक्के वेळा समोरच्याला फरक कळेल असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. आवाजावरून ७३ टक्के कळला, ई-मेलवरून ५६. नाणं उडवलं तरी ५० येतात. तेव्हा "वा, फारच लवकर आलास!" हे लिहून पाठवू नका. दार उघडून बोला.

कोपऱ्यातला_दिवा

सगळे असं धरून चाललेत की मेसेज चुकून अर्धवट राहतो. मला थोडं वेगळं वाटतं.

लग्नाला २२ वर्षं झाली. 'बघू' हा शब्द चुकून येत नाही. 'बघू' म्हणजे 'नाही, पण आत्ता वाद नको'. माझा तसाच शब्द म्हणजे 'तुला हवं तसं'. त्याचा अर्थ 'मला काय हवंय ते ओळख'. मी सरळ "रविवारी मला कुठेही जायचं नाही" असं लिहिलं असतं तर त्याला सरळ 'नाही, जाऊ या' म्हणता आलं असतं. ती सोय मला त्याला द्यायची नव्हती. शिवाय संदिग्ध लिहिलं की नंतर "मी असं कुठे म्हटलं होतं?" म्हणता येतं. हे दोघंही करतो, आणि दोघांनाही माहीत आहे.

दुसरी गोष्ट लिहू की नको असं होतंय, पण लिहिते. मध्ये दीड-दोन वर्षं आमचं अजिबात बरं नव्हतं. घर एक, पण बोलणं कामापुरतं. परवा जुने फोटो शोधताना त्या काळातले मेसेज वर आले. इतके स्वच्छ मेसेज आम्ही आधी कधी लिहिले नव्हते, नंतरही नाहीत. "किल्ली वरच्या कप्प्यात ठेवली आहे. बिल भरले आहे. मी रात्री दहा वाजता येईन." कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागेवर. कुणीही वाचावं आणि कळावं. तसेच होते ते, कुणालाही लिहावेत असे.

मग एके दिवशी त्याचा मेसेज आला, "अगं ते हे कुठे ठेवलंय". मी ऑफिसात होते. वाचून चक्क बरं वाटलं.

वाचनमात्र

...

टिंब_टिंब

वाचनमात्र, तुमची तीन टिंबं पूर्ण समजली.

खटपट_राव

दिवाताई, पण 'ते हे' सापडलं का?

कोपऱ्यातला_दिवा

सापडलं. स्क्रूड्रायव्हर होता. आणि हो, मला 'ते हे' म्हणजे काय ते लगेच कळलं होतं. घड्याळजींच्या २४ जोडप्यांत आम्हाला घ्यायला हवं होतं.

घड्याळजी

आणि जे 'ते हे' कळले नाहीत ते आता आठवत नसतील. :)

निळी_शाई

राग उतरलाय. दोन गोष्टी सांगायला आले.

काल रात्री आम्ही दोघं फोन घेऊन बसलो. तेव्हा उलगडा झाला. त्याने माझा मेसेज फोनवर वाचलाच नव्हता, मनगटावरच्या घड्याळावर वाचला. त्या टीचभर पडद्यावर दिसलं ते इतकंच: "आज ऑफिसात गोंधळ आहे. लेकीला सहाला आणायला मी जाऊ". पुढचं खाली, बोटाने सरकवलं तर. खालीच तयार उत्तरं होती: हो, नाही, नंतर बोलू. त्याने 'हो' दाबलं. मी 'जाऊ?' विचारतेय, तो 'हो, जा' म्हणतोय. त्याच्या बाजूने सगळं बरोबर.

नंतर मी माझेच मेसेज मागे जाऊन वाचले. खटपट राव, तुमच्या सौ. आणि मी बहिणी असू. एक मेसेज होता "परवाचं काय झालं मग?" त्याने उत्तर दिलं होतं "अजून ठरलं नाही". मी विचारत होते होऊन गेलेल्या परवाचं, तो सांगत होता येणाऱ्या परवाचं. दोघांनाही त्या वेळी उत्तर मिळाल्यासारखं वाटलं होतं! असे आणखी किती गेले असतील कुणास ठाऊक.

नियमबियम केले नाहीत, ते आमच्याकडे टिकत नाहीत. फक्त लेकीला आणण्याच्या बाबतीत ठरवलं: जो जाणार त्याने 'मी जातोय' किंवा 'मी जातेय' असं क्रियापदासकट लिहायचं. ते आलं नाही तर कुणीच जात नाहीये असं समजून फोन करायचा. आणि घड्याळावरचा 'हो' त्याने काढून टाकला. आता तिथे 'वाचून सांगतो' आहे. आज सकाळपासून तीनदा आलंय. सांगितलं एकदाही नाही.

शेवटचा_बाक

आमचा एक उपयोगी प्रकार: दोन प्रश्न दोन वेगळ्या मेसेजमध्ये, आणि उत्तर देताना तोच मेसेज बाजूला सरकवून त्यालाच उत्तर. नाहीतर "येताना चार्जर घेशील?" आणि "आई आलेल्या आवडतील ना?" या दोन्हींना मिळून एक 'नको' येतं आणि आठवडा जातो.

मुक्ता_छंद

चुकीचा गेलेला मेसेज व्हॉट्सॲपवर १५ मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो. गादी खाली न्यायला मला दहा मिनिटं लागली. म्हणजे वेळ होता त्याला.

रात्रपाळी

एवढा वेळ नुसती वाचत होते, पण आत्ताच एक आलाय. मदत करा.

मी कामासाठी बाहेरगावी आहे, हॉटेलच्या खोलीत एकटी. आज बढतीची यादी लागली. सलग दुसऱ्या वर्षी माझं नाव नाही. रात्रभर लॅपटॉप पुढ्यात, पण काम काही होत नाहीये. शेवटी नवऱ्याला लिहिलं, "या वेळीही नाही झालं". दोन निळ्या खुणा. पाच मिनिटांनी उत्तर आलं, रोमनमध्ये: 'बरं झाले'. पुढे-मागे काही नाही. हे उपरोधाने आहे? की मला बढती नकोच होती त्याला? मला खरंच कळत नाहीये.

टिंब_टिंब

शेवटी पूर्णविराम आहे का?

रात्रपाळी

नाही.

मुक्ता_छंद

थांबा. 'झाले'? 'झालं' नाही? शेवटचं रोमन अक्षर ए आहे की ई?

रात्रपाळी

ई.

मुक्ता_छंद

बोलताना 'बरं झाले' कुणी म्हणत नाही. आणि 'बरं' आणि 'बारा' रोमनमध्ये सारखेच लिहितात बरेच जण. तुमच्या घड्याळात किती वाजलेत?

रात्रपाळी

बारा वाजून अकरा मिनिटं. मेसेज आला तेव्हा बारा वाजून एक.

आडनाव_नको

फोन करा.

रात्रपाळी

केला. 'बारा झाले'. आणि माझं "नाही झालं" म्हणजे रिपोर्ट अजून संपला नाही असं त्याला वाटलं. म्हणून, बारा झाले, झोप आता.

यादीचं आत्ता सांगितलं. फोन चालूच आहे. येते.